चक्कर येणे आणि चक्कर मारणे

सोमवार, ३ मार्च

आज जे झाले ते क्रमाने लिहून ठेवते. उद्यापासून प्रत्येक जण ते आपापल्या सोयीने सांगेल.

१. सकाळी अकराला गुंतवणूकदार बाई आल्या. वय साठच्या पुढे, पायात कापडी बूट.
२. मालकांनी त्यांना आमचा खेळ समजावून सांगितला: जळते शहर, आकाशात तरंगणारी सात गलबते, चारी बाजूंनी युद्ध आणि मधोमध आपण.
३. मी बाईंच्या डोक्यावर हेडसेट बसवला. पट्टा दोनदा तपासला.
४. शहर जळू लागले. बाई म्हणाल्या, "अगंबाई! थांबा हं, एक चक्कर मारून येते."
५. शहर नाहीसे झाले.
६. त्या जागी एक खोली आली. एक खुर्ची, एक खिडकी. पुरुषाचा आवाज म्हणाला, "काही हरकत नाही. बसा. घाई नाही."
७. बाई बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.
८. हेडसेट काढल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ते पाइपवरचं मांजर कधी उडी मारतं का हो?"
९. युद्ध त्यांनी पाहिलेच नाही.

दोष माझा आहे. हेडसेट घातल्यावर काही लोकांना गरगरते, कारण डोळे म्हणतात आपण उडतो आहोत आणि कान म्हणतात आपण उभे आहोत. अशा माणसाची तातडीने सुटका व्हावी म्हणून मी सोय केली: "चक्कर" एवढा शब्द उच्चारला की खेळ बंद आणि समोर शांत खोली. शब्द मीच निवडला. छोटा आहे, सगळ्यांना येतो, मधल्या जोडाक्षरामुळे तोफांच्या आवाजातही यंत्राला ऐकू जातो. माणसे फिरायलाही चक्करच मारतात, हे माझ्या लक्षात आले नाही. मी स्वतः मारत नाही.

मालकांचे प्रत्येक वाक्य "भविष्यात" या शब्दाने सुरू होते, म्हणून त्यांच्या माघारी कार्यालयात सगळे त्यांना भविष्य म्हणतात. आज भविष्य लालबुंद झाले होते.

"चक्करबाई, तुमच्या एका शब्दानं माझी सातही गलबतं बुडाली!"

"ती हवेत आहेत," मी म्हणाले.

चक्करबाई म्हणजे मी. याला माझी हरकत नोंदवलेली आहे.

बाई एकोणीस तारखेला पुन्हा येणार आहेत. तोवर यंत्राला शहाणे करायचे.


मंगळवार, ४ मार्च

खोलीतला आवाज आमच्या ध्वनिवाल्याचा आहे. खेळातले सगळे आवाज तोच करतो. गलबत कोसळण्याचा आवाज त्याने फायलींचे कपाट जिन्यावरून सोडून केला. कपाटात फायली होत्या हे नंतर कळले.

आज त्याने सांगितले की दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने त्याला बोलावले आहे. शनिवारी, बावीस तारखेला, हो की नाही ते कळवायचे आहे.

"तुम्हाला काय वाटतं?" त्याने मला विचारले.

मी कार्यालयात सगळ्यांना "तुम्ही" म्हणते आणि त्यामुळे मलाही सगळे "तुम्ही" म्हणतात. सोपे पडते. मी त्याला अर्ध्या तासात तक्ता करून दिला. जाण्याच्या बाजूने सात मुद्दे. राहण्याच्या बाजूने एक: येथील चहाची सवय.

त्याने तक्ता नीट वाचला. "राहण्याच्या बाजूला एवढंच?"

मी पुन्हा तपासले. एवढेच.

तक्त्याची घडी करून त्याने खिशात ठेवली. संध्याकाळी सहाला तो नेहमीप्रमाणे पाठीला पिशवी लावून माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "एक चक्कर?" माझी चाचणीची वेळ तीन ते पाच आहे, पण हा माणूस जानेवारीपासून काम संपल्यावर स्वतःहून येतो. इतर परीक्षकांना बोलावून आणावे लागते. मी हेडसेट दिला. त्याने तो जरा वेळ हातात धरला, मग घातला. पहिले गलबत वळायच्या आतच पांढराफटक पडला. त्याला दर वेळी चक्कर येते. आमच्याकडचा सर्वांत उपयुक्त परीक्षक.

नंतर नेहमीप्रमाणे त्याला पाणी पिण्याच्या खोलीत खुर्चीवर बसवले आणि रंग परत येईपर्यंत शेजारी उभी राहिले. नियमात तसे नाही, पण एकट्याला सोडणे बरे दिसत नाही.

खेळातली खोली याच खोलीच्या मापांनी केली आहे. मापे हाताशी होती. खिडकीबाहेरचा पाइप आणि त्यावरचे मांजर वगळायचे राहून गेले.


गुरुवार, ६ मार्च

शब्द बदलून पाहिला.

"थांब" ठेवला. लढाईत पहिलाच योद्धा ओरडला, "थांब, तुला दाखवतो!" आणि खोलीत जाऊन बसला. दाखवायला समोर कोणी नव्हते.

"पुरे" ठेवला. "पुरे झाली तुझी नाटकं" म्हणणारे तिघे गेले.

"मळमळ" ठेवला. ज्याला खरेच मळमळते त्याला तोंड उघडणे धोक्याचे वाटते.

मग मी नुसतेच ऐकत बसले, की गरगरल्यावर माणूस आपणहून काय म्हणतो. "आई गं" म्हणतो. ठेच लागली तरी तेच म्हणतो, गलबत आवडले तरी तेच. भविष्य तर लिफ्ट चुकली तरी म्हणतात.

ध्वनिवाल्याने सुचवले, "कोणी चुकूनही म्हणणार नाही असा शब्द घ्या. पोस्टमन."

"गरगरत असताना पोस्टमन कोणाला आठवेल?"

"मला आठवेल. तुम्ही सांगितलेलं सगळं आठवतं मला."

एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सुरक्षा उभी करता येत नाही, हे मी त्याला समजावले. "चक्कर"च ठेवायचे ठरले. त्याऐवजी यंत्राला दोन्ही चकरांमधला फरक शिकवायचा: येणारी कोणती आणि मारायची कोणती.


रविवार, ९ मार्च

मी आत्याकडे राहते. आत्या निवृत्त व्यायामशिक्षिका. निवृत्त फक्त शाळेतून. शिट्टी अजून पर्समध्ये असते. चाचणीसाठी आज हेडसेट घरी आणला.

जळते शहर पाहून ती म्हणाली, "एवढी माणसं आणि एकाची रांग धड नाही." मग खोली पाहायला मागितली. खुर्चीवर बसली. आवाज आला, "काही हरकत नाही. बसा. घाई नाही."

"हा कोण गं?"

"ध्वनिवाला."

"लग्न झालंय?"

"माहीत नाही. चाचणीशी त्याचा संबंध नाही."

"आणि हे वाक्य तुझं आहे."

"वाक्य त्यानेच लिहिलंय."

"अगं, मला ताप आला होता तेव्हा दिवसभर हेच ऐकवत होतीस. आत्या, काही हरकत नाही, बस, घाई नाही. जसंच्या तसं."

योगायोग असावा. वाक्य साधे आहे, कोणीही म्हणू शकते.

संध्याकाळी ती दारात बूट घालत म्हणाली, "येतेस? एक चक्कर मारू." मी नाही म्हणाले. मात्र तिचा उच्चार टिपून घेतला.


मंगळवार, ११ मार्च

दिवसभर नमुने गोळा केले. कार्यालयातल्या प्रत्येकाकडून दोन वाक्ये म्हणवून घेतली: चक्कर येतानाचे आणि चक्कर मारायला निघतानाचे. पहिल्या वाक्यासाठी त्यांना फिरत्या खुर्चीवर बसवून गोल फिरवावे लागले, नाहीतर ते अभिनय करतात. हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःहून दुसऱ्यांदा फिरवून घेतले.

फरक स्पष्ट आहे. ज्याला चक्कर येते तो "च" लांबवतो, आवाज खाली सोडतो आणि "र" गिळतो. ज्याला चक्कर मारायची असते त्याचा आवाज शेवटी वर जातो, "र" पूर्ण वाजतो. एकाला काही नको असते, दुसऱ्याला काहीतरी हवे असते. यंत्राला हे कळू शकते.

भविष्य येऊन पाहून गेले. "भविष्यात माणसाला घराबाहेर पडायची गरजच उरणार नाही. मग चक्कर मारतो कोण? प्रश्नच मिटला!"

"एकोणीस तारखेपर्यंत मिटणार नाही," मी म्हणाले.

जाता जाता त्यांनी सांगितले की खोलीतला आवाज बदलायचा आहे. हा फार मऊ आहे, दमदार हवा. नाहीतरी तो माणूस चाललाच आहे.

हे ऐकून मला काय वाटले ते नोंदवण्यासारखे नाही.


शुक्रवार, १४ मार्च

यंत्र शिकले. सगळे नमुने बरोबर ओळखते. फक्त ध्वनिवाल्याचे चुकते.

माझ्या टेबलावरचा माइक चाचणीसाठी दिवसभर सुरू असतो. सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणूनच माझ्या टेबलापाशी कोणी भविष्याविषयी बोलत नाही. त्यामुळे जानेवारीपासून त्याने जेव्हा जेव्हा "एक चक्कर?" म्हटले, ते आपोआप जमा झाले आहे. असे अकरा नमुने. त्यानंतर दर वेळी त्याला खरोखर चक्कर आली, हे मी स्वतः पाहिले आहे. तरी यंत्र अकराही वेळा सांगते: चक्कर मारणे.

तारा तपासल्या. माइक बदलला. यंत्राला सुरुवातीपासून पुन्हा शिकवले. पुन्हा अकरा.

एका माणसाच्या बाबतीत यंत्र इतके सातत्याने चुकत असेल, तर दोष नमुन्यांत आहे असे धरावे लागते. सहाला तो आला तेव्हा मी त्याला तसे सांगितले.

"तुमचे नमुने यंत्राला गोंधळात टाकतात. चाचणीसाठी तुम्ही आता आला नाहीत तरी चालेल."

त्याने पिशवीचा पट्टा नीट केला. "यंत्र काय म्हणतंय?"

"तुम्हाला चक्कर मारायची आहे, असं म्हणतंय. अकराही वेळा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"यंत्र चुकतंय."

तो हसला. पण बराच उशिरा हसला, परदेशातून फोन आल्यावर आवाज उशिरा पोचतो तसा. "बरं," म्हणाला आणि गेला. आज त्याला चक्कर आली नाही, ही एक चांगली गोष्ट.


रविवार, १६ मार्च

सुट्टी, पण नमुने घरी आणले. जेवणाच्या टेबलावर अकराही ओळीने लावून ऐकत होते. आत्या समोर कपड्यांना इस्त्री करत होती.

एक चक्कर? एक चक्कर? एक चक्कर?

चौथ्याला तिने इस्त्री उभी ठेवली. सातव्याला खुर्ची ओढून बसली. अकरावा संपल्यावर म्हणाली, "आणि तू काय केलंस?"

"हेडसेट दिला."

"अकराही वेळा?"

"हो."

"आणि त्यानं घातला?"

"हो. त्याला फार त्रास होतो. तरी घालतो."

आत्याने डोक्याला हात लावला. मग म्हणाली, "यंत्र तुझं शहाणं आहे गं. त्याची शिकवणी लाव स्वतःला."

मी म्हणाले की व्यायामशिक्षिकेला ध्वनीच्या आलेखातले कळत नाही. ती म्हणाली, खरे आहे, आणि उरलेल्या कपड्यांना जरा जास्तच जोरात इस्त्री केली.


सोमवार, १७ मार्च

सहाला त्याने विचारले नाही. मीच सांगितले होते. लांबूनच हात केला आणि गेला. मी सव्वासहापर्यंत टेबलाशी होते. तारा आवरायच्या होत्या.


मंगळवार, १८ मार्च

तारा आज आवरलेल्याच होत्या. तरी सव्वासहा झाले.

जिन्यात त्याला एक गोष्ट विचारली, निव्वळ माहितीसाठी: "काही हरकत नाही, बसा, घाई नाही" हे वाक्य त्याला कसे सुचले?

"सुचलं नाही. पहिल्यांदा चक्कर आली तेव्हा तुम्हीच म्हणालात. मला बरं वाटलं. म्हटलं, सगळ्यांनाच वाटेल."

मी आभार मानले. जिना संपेपर्यंत पायऱ्या मोजल्या.


बुधवार, १९ मार्च

१. बाई वेळेवर आल्या. तेच बूट.
२. हेडसेट बसवला. शहर जळू लागले.
३. बाई म्हणाल्या, "हां, आता एक चक्कर मारून येते." शहर जागेवर राहिले. भविष्याने मागून माझा खांदा थोपटला. मी खांदा बाजूला घेतला.
४. बाईंनी युद्ध पाहिले. त्यांच्या डोक्यावरून तीन गलबते गेली. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण माझी खोली कुठंय?"

येथून पुढे क्रमांक लावता येत नाहीत, कारण सगळे एकदम झाले.

"भविष्यात ती खोली—" भविष्य म्हणाले.

"मला आत्ता हवीय."

"त्यासाठी चक्कर यावी लागते," मी सांगितले.

"एवढंच ना? येतेय. चक्कर! चक्कर येतेय मला! अगदी गरागरा!"

शहर जळत राहिले.

"अहो, याला कळतं की काय मी खोटं बोलतेय ते?"

"हो."

"कमाल आहे. घरच्यांना कधी कळलं नाही." त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला, एकदा कण्हूनही. यंत्र हलले नाही. बाईंचा आवाज चढला. "युद्ध बघायला मी घर सोडून आले नाही, मला त्या मांजराकडे बघत बसायचंय!"

भविष्य माझ्या शेजारीच उभे होते. समोरच्या पडद्यावर गलबते वळत होती, बाई रागावल्या होत्या, आणि भविष्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते असे नंतर कळले. त्यांनी माझ्या माइकजवळ टेबलाची कड धरली. "मला..." ते म्हणाले, "च... क्क..."

"र" त्यांनी पूर्ण गिळला.

शहर नाहीसे झाले. खोली आली. खोलीभर तो आवाज पसरला: "काही हरकत नाही. बसा. घाई नाही."

बाई बसल्या. भविष्यही बसले, जमिनीवर.

मी त्यांना पाणी दिले. थोड्या वेळाने बाई हेडसेटच्या आतूनच म्हणाल्या, "युद्ध तुमचं तुम्हाला लखलाभ. ही खोली पुढं न्यायची असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. आणि आवाज हाच हवा. या माणसाला खरंच घाई नाहीये, हे कळतं."

"भविष्यात—" जमिनीवरून आवाज आला.

"आधी पाणी संपवा," बाई म्हणाल्या.

ध्वनिवाला दारात उभा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्याकडे पाहिले, मी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर मांजर होते.


गुरुवार, २० मार्च

भविष्य रजेवर आहे.

सकाळी यंत्राच्या अहवालावर माझी सही झाली: दोन्ही चकरांमधला फरक यंत्र बिनचूक ओळखते. बाई खोटे बोलल्या, यंत्राने मानले नाही. भविष्य खरे बोलले, त्यांना अर्ध्या शब्दावर सोडवले.

सही करून झाल्यावर पेन खाली ठेवले आणि तशीच बसून राहिले. यंत्र बिनचूक आहे असे मी लिहून दिले आहे. मग अकरा निकाल तेवढे चुकीचे, असे म्हणता येत नाही. अपवाद धरायला कारण लागते. मी दुपारपर्यंत कारण शोधले. नाही.

तो जानेवारीपासून चाचणीसाठी येत नव्हता.

त्याला फक्त जिना उतरून रस्त्याच्या टोकापर्यंत जायचे होते, माझ्याबरोबर. आणि मी दर वेळी त्याला जळत्या शहरात पाठवत होते.

घरी येऊन आत्याला सांगितले. वाटले होते हसेल. ती उठली. आत गेली, तिचे चालायचे बूट आणले आणि दाराशी माझ्या चपलांशेजारी ठेवले. माझ्या मापाचे नाहीत, एक बोट मोठे आहेत.

त्याचा निर्णय परवा आहे. खालील मजकूर तीन वेळा लिहिला. पहिल्यात तक्ता होता, तो काढला. दुसऱ्यात मी क्षमा सहा वेळा मागितली होती, ती एकदा ठेवली. हा तिसरा. वही मिटायच्या आत पाठवते, नाहीतर चौथा लिहीन.

"चार तारखेला तुम्हाला दिलेल्या तक्त्यात चूक आहे. राहण्याच्या बाजूचा एक मुद्दा लिहायचा राहिला. तो लिहिण्यापेक्षा चालता चालता सांगणे मला सोपे जाईल.

यंत्र बरोबर होते. तुम्ही जे अकरा वेळा विचारले त्याचे उत्तर 'हो' आहे, अकराही वेळा. दर वेळी हेडसेट हातात दिला, त्याबद्दल क्षमा असावी.

उद्या सहाला मी खाली दाराशी असेन. हेडसेट नसेल. बूट थोडे मोठे आहेत, त्यामुळे सावकाश चालावे लागेल. 'तू' म्हटले तर चालेल का, तेही सांगा.

एक चक्कर?

कृपया उद्या, शुक्रवार २१ मार्च, संध्याकाळी सहापर्यंत कळवावे."